चांगुणाबाईची शीव

हिंगोलीच्या लोकांकडे शब्दांना तोटा नव्हता. पेठ, मोहल्ला, गल्ली, पुरा, सगळं होतं. पण कनेरगावच्या वाटेवर, गावाबाहेरच्या माळावर धनगरांची वीस घरं उभी राहिली, तेव्हा त्यांना कुणी म्हणे खोपटं, कुणी पालं, आणि शहाणे तर नुसता हात करून म्हणत, "ते तिकडं." ऐकलं की चांगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड होई. बारा वर्षं राहून आपण अजून 'तिकडं'च?

एकेचाळीस सालच्या वैशाखात तिच्या मनकर्णाचं लग्न निघालं. नवरदेव शिरड शहापूरचा. रीत अशी, की नवरदेवानं गावाच्या शिवेवर थांबायचं आणि मुलीच्या आईबापांनी ओवाळून आत घ्यायचं. चांगुणाबाई ताट घेऊन वस्तीच्या पहिल्या बाभळीखाली उभी राहिली. ऊन चढलं तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही.

शेवटी तिचा नवरा मुंजाजी धापा टाकत आला. "अगं, ते हिंगोलीच्या शिवेवर खोळंबून राहिले! तिथले लोक म्हणतेत, खोपटांना कसली आली शीव? चल, तिथंच ओवाळू. मुहूर्त टळंल."

"तिथं ओवाळलं तर लग्न त्यांच्या गावचं व्हईल," म्हणत तिनं ताट त्याच्या हातात दिलं आणि तरातरा निघाली.

व्याही ग्यानबा छकड्यात तोंड फुगवून बसला होता. मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी नेणार, हे त्याच्या मिशाच सांगत होत्या.

"व्याही, तुमी मेंढरंवाले. दुसऱ्याच्या हद्दीत मेंढरू घालता का? मंग माझ्या लेकीला काहून दुसऱ्याच्या शिवेवर मागून राहिले? आमची शीव फुडं हाय."

"कुठं?"

"मी हुबी राहीन तिथं."

ग्यानबानं तिच्याकडं टक लावून पाहिलं, आणि असा खदखदून हसला की बैल बुजले. "वाजवा रे!" ढोल घुमवत वऱ्हाड भर पेठेतून निघालं. दुकानदार हातात तराजू धरून बघत राहिले.

बाभळीखाली चांगुणाबाईनं जावयाला ओवाळलं. तो पाऊल पुढं टाकणार, तोच ग्यानबानं त्याला धरलं. "थांब. दुसऱ्याच्या गावात असंच शिरतेत व्हय? शिवेला नारळ कोण फोडंल?" आणि तिथल्याच एका दगडावर त्यानं नारळ फोडला.

चांगुणाबाईला हुंदका आवरेना. लेक सासरी जाताना जे रडायचं, ते सगळं ती तिथंच, भर दुपारी, आनंदानं रडून मोकळी झाली.