पायपेटीत बसवलेला तिचा सूर

शाळा माझी चौथीपर्यंत. पेट्या दुरुस्त करायचं काम बापाकडून आलं. लातुरातल्या कितीतरी भजनी मंडळांच्या पेट्या माझ्या हातच्या. पण खरं सांगतो, हात माझे, कान बायकोचा. पेटीतली पितळी पत्ती, तिला आम्ही सूर म्हणतो. टोकाला घासली की आवाज चढतो, बुडाला घासली की उतरतो. मी कानशीनं घासायचो, ती भाजी निवडत ऐकायची. "अजून. अजून जरा. बास!" थांबलो न्हाई की, "कानात बोळे घातले का ओ?"

दिवाळीच्या आधी ती गेली. मी दुकान उघडलंच नाही.

मग नांदेडच्या चर्चमधून फोन आला. तिथली पायपेटी आम्ही दोघांनीच सुरात लावलेली. तिचा एक सूर उतरला होता. अंगात जीव नव्हता, तरी गेलो.

पेटी वाजवणाऱ्या बाई सांगू लागल्या, "काका, अडीचशे वर्षांमागं इंग्लंडात एक ऑर्गनवाला होता. दोन वर्षांचा असताना चिनी मातीचं भांडं हातात घेऊन पडला, डोळे गेले. तरी चर्चमध्ये वाजवायचा, स्वतः चाली बांधायचा. दुसऱ्याची नवी चाल मेव्हणीनं एकदा वाजवून दाखवली की त्याला पाठ. त्याचीच चाल रविवारी वाजवायचीय."

"त्याला मेव्हणी होती," मी म्हणालो. "मला कोण हाय?"

तो सूर काढून मी घासायला बसलो. घासत राहिलो. बास म्हणायला कुणी नव्हतं. पत्ती कागदावानी पातळ झाली अन् मोडली.

"दुसरी न्हाई का, काका?"

होती. आधीच लावून ठेवलेली, घरी, तिच्या भजनाच्या पेटीत. चर्चची अन् तिची, दोन्ही पेट्या तिनं एकाच मेळात लावून घेतलेल्या. पण ती गेल्यापासून त्या पेटीला मी लेकीलाही हात लावू दिला नव्हता.

शनिवारी घरी तिची पेटी खोलली. पत्ती नांदेडला नेऊन बसवली. घासावी लागली नाही. बाईंनी त्या आंधळ्याची चाल वाजवली. लई लांबलचक, मला काही कळली नाही. आपला सूर आला की तेवढा ओळखू यायचा.

"बरोबर लागला का, काका?"

"मला काय विचारता? जिनं लावला तिला कळत होतं."

घरच्या पेटीत आता एक पट्टी दाबली की नुसती हवा येते. लेक म्हणते, नवा सूर टाका. कुठं थांबायचं ते कोण सांगणार? तशीच ठेवलीय.