आवाज गेला की आधी बटण

समजा, कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरसमोर तुमची उभी हयात गेली आहे. आग नीट जळते की नाही, हे तुम्हाला डोळे मिटूनही कळतं. तिची घरघर हाडांत मुरलेली आहे. ती अचानक थांबली तर? विचार करत बसलात तर संपलंच. आधी लाल बटण, मग बाकीचं सगळं.

बॉयलरकाकांनी तेच केलं. फक्त जागा चुकली.

कोळशाचं केंद्र बंद पडल्यावर शेजारच्या सौरप्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात त्यांना उमेदवारीवर घेतलं होतं. ठेवायचं की घरी पाठवायचं, ते आज शिफ्ट इंजिनिअर ठरवणार होती. खोलीत यंत्र म्हणावं असं काहीच नव्हतं. संगणकाचे पडदे, खुर्च्या, टेबलावर सगळं बंद करणारं लाल बटण आणि घुमणारा एसी. काका नकळत त्या एसीवरच कान ठेवून बसले. खोली गार झाली, एसी आपोआप थांबला आणि काकांचा हात बटणावर पडला.

भर उन्हात अख्खा प्रकल्प ठप्प. पडद्यावर शून्य.

शिफ्ट इंजिनिअर, त्यांच्या मुलीच्या वयाची, धावत आली.

"काका, काय बिघडलं?"

"आवाज गेला."

"कशाचा?"

काकांनी एसीकडे बोट दाखवलं. तिने कपाळावर हात मारला, प्रकल्प पुन्हा चालू करायला घेतला आणि फोन कानाला लावला. "माफ करा, चूक आमचीच. हो, तुमच्या राज्याला जाणारीच वीज. येतेय थोड्या वेळात."

काका तिच्याकडे वळले. "शेजारचं राज्य आपल्याकडून वीज घेतं? अगं, जन्मभर आपण त्यांचा कोळसा आणला. मालगाडीला उशीर झाला की आमचा जीव टांगणीला."

"तेव्हा आपला पैसा तिकडे जायचा. आता उन्हाचं बिल कोण पाठवणार? उलट त्यांचा पैसा इकडे येतो. पॅनेलच्या चौकटी बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झालीय."

काकांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आणि माझं काय?"

"राहा. पण बटणाला हात लावण्याआधी मला हाक मारायची. एसीसाठी तर नक्कीच."

घरी परतताना केंद्राच्या जुन्या वसाहतीत दुकानांची शटरं ओळीने खाली होती. एकटा न्हावी रिकाम्या खुर्चीजवळ उभा होता.

"काय काका, ठेवलं का?"

"ठेवलं."

राज्यात पैसा येतोय, हे त्याला सांगायला काकांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. येतोय हे खरं, पण या गल्लीकडे तो कधी वळणार?