अक्काला दाखवलेलं शहर

काचबिंदूने जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी अक्काला सोलापुरात स्पष्टच सांगितलं. बाहेर येऊन आम्ही दोघी बहिणी रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा ती म्हणाली, “मला अहमदाबादला नेशील का?”

मला वाटलं, तिथल्या एखाद्या मोठ्या डॉक्टरचं नाव तिच्या कानावर आलं असेल.

“डॉक्टर नगं. तितल्या इमारती बघायच्यात. नदीकाठच्या.”

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. शाळेत असताना ती सारखी घरं काढायची. माणसं नाहीत, झाडं नाहीत, नुसती घरं. चित्रकलेच्या परीक्षेत तिला वरची श्रेणी मिळाली, तेव्हा बाई आमच्या घरी आल्या होत्या. ही पोरगी वास्तुकार होईल, हिला शिकवा, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. वडील गिरणीत कामाला होते. त्यांनी बाईंना चहा पाजला, मान डोलावली आणि त्याच उन्हाळ्यात अक्काला मंगळवेढ्याला दिली. कापडाचं दुकान असलेलं घर. तिथे तिची भाषा बदलली, हात कापड मोजण्यात गुंतले. माझी वेळ येईपर्यंत वडील निवळले होते, म्हणून मी शिक्षिका झाले. बाईंनी दाखवलेल्या एका पुस्तकातल्या अहमदाबादच्या इमारती अक्काच्या मनात अजून आहेत, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दाजी म्हणाले, “देवाला जायचं सोडून भिंती बघायला कशाला?” पण अडवलं नाही त्यांनी.

थंडीचे दिवस होते. रात्रभराच्या प्रवासानंतर लॉजवर अंघोळ करून आम्ही थेट नदीकडे निघालो. पुस्तकातली एक इमारत रस्त्याला लागूनच होती. करड्या काँक्रीटची, समोर तिरक्या उभ्या भिंतींची रांग, आणि आत शिरायला जिन्याऐवजी वर चढत जाणारा लांबलचक उतार. पावसाचे काळे ओघळ सगळीकडे. मला ती अर्धवट सोडल्यासारखी वाटली. अक्का फाटकातच थांबली.

तिला आता मधलंच तेवढं दिसायचं, बांबूच्या नळीतून बघावं तसं. ती मान डावीकडून उजवीकडे न्यायची, मग थोडी वर, पुन्हा डावीकडून उजवीकडे. बराच वेळ तिचं हेच चाललं होतं.

“दिसतंय का?”

“तुकडा दिसतोय. दुसरा बघाय गेलं की पैला जातोय.” मग म्हणाली, “तू सांग की.”

मी सांगायला लागले. तिरक्या भिंती आहेत, मधे सावली आहे, वर मोकळं आहे.

“तसं न्हाय गं. भिंत किती जाड? दोन भिंतींच्या मधनं माणूस जाईल का? वरच्या मजल्यावरनं नदी दिसत आसंल का?”

मी पुन्हा तेच शब्द वापरत राहिले. ती चिडली.

तेवढ्यात कॉलेजची काही मुलंमुली आली आणि उताराच्या कडेला कागद मांडून बसली. अक्काने कान दिला. “काय करत्यात?”

“चित्र काढतायत. इमारतीचं.”

“पोरी हायेत का त्यात?”

“आहेत. पोरीच जास्त आहेत.”

पेन्सिली घासल्याचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. अक्काने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “चल हितनं.”

संध्याकाळी मी तिला नदीवरच्या नव्या पादचारी पुलावर नेलं. रंगीत छत, पायाखाली मधेमधे काच, आणि सगळीकडे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. वाटलं, दिव्यांच्या एवढ्या उजेडात, एवढ्या रंगांत तरी तिला बरं वाटेल. काचेवर पाय पडताच ती ताठ झाली. बाजूचं काही दिसत नसल्याने लोकांचे धक्के बसत होते. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की कळ आली. आम्ही मधूनच परत फिरलो.

काठावरच्या कट्ट्यावर बसल्यावर मी म्हणाले, “अक्का, उद्या दुसऱ्या इमारती बघू. अजून बऱ्याच आहेत.”

“नगं. डोक्यात हुत्या तशाच बऱ्या हुत्या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही खोलीतच बसून राहिलो आणि मिळेल त्या गाडीने परतलो. गाडीत तिने मुलांच्या, भाच्यांच्या गोष्टी काढल्या, पण त्या शहराबद्दल एक शब्द नाही. नंतरही नाही.

पुढच्या वर्षभरात दोन्ही डोळे गेले. गेल्या उन्हाळ्यात मी मंगळवेढ्याला गेले, तेव्हा तिच्या मुलाने घरावर मजला चढवायला घेतला होता. अंगणात काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. अक्का आतल्या खोलीत खाटेवर बसली होती.

“कसा बांधायचा ते तू सांगितलंस का त्याला?” मी विचारलं.

“मला कोन इचारतंय? आन मी तरी काय सांगनार?” ती म्हणाली. “दार लोट बाई तेवढं. सिमेटाची धूळ आत येतीया.”

मी दार लोटलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले.