फारकतीचा चोख कागद

माझ्या राहात्याच्या साडूंइतका लेखी माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. शेजाऱ्याला फवारणीचा पंप एका दिवसासाठी द्यायचा झाला, तरी ते आधी वहीचं पान फाडत, पंप कुठे कुठे चेपलेला आहे ते लिहीत आणि सही झाल्याशिवाय त्याला हात लावू देत नसत. बांधावरच्या आंब्याबद्दल त्यांचा सख्ख्या भावाशी करार होता. वाऱ्याने पडलेला आंबा कुणाचा आणि माकडाने पाडलेला कुणाचा, याची त्यात दोन वेगळी कलमं होती. न्हाव्याशीसुद्धा त्यांचा कागद होता. मिशीला परस्पर कात्री लावायची नाही, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. "तोंडी बोलनं वाऱ्यावर जातं, साडूभाऊ," ते म्हणत. "कागद घरात ऱ्हातो." माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. लोक त्यांना हसत, पण मला मात्र त्यांच्याकडे गेलं की बरं वाटायचं.

त्यांच्या नात्यातल्या एका जोडप्याचा काडीमोड ठरला आणि तो वाटणीपायी कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळला. एका तारखेला साडू सोबत म्हणून गेले, ते घरी येऊन थेट अक्कांसमोर बसले. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. "आपन दोघं हसतोय तवाच वाटून घेऊ," ते म्हणाले. "उद्या फारकत झालीच तर भांडन नको." अक्का भाकरी थापत होत्या. "लिवा की," त्या म्हणाल्या. "म्हशी माझ्या. तुमची धार काढायची बोंब हाय." अशा कागदाला कोर्ट विचारणार नाही, असं ओळखीच्या वकिलाने सांगून पाहिलं. साडू म्हणाले, "कोर्टाला कोन इचारतंय? पाळनार आमी हाओत."

तेव्हापासून दर दिवाळीच्या पाडव्याला आम्ही देवळालीहून जोडीने त्यांच्याकडे जाऊ लागलो. इतर घरांत पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, नवरा ताटात काहीतरी घालतो आणि तेवढ्यावर संपतं. इथे ओवाळणी ताटात पडली की लगेच कागदावर चढे. वर्षभरात घरात आलेली एकूण एक वस्तू कुणाच्या बाजूला जायची ते ठरे, आणि साक्षीदार म्हणून मी सही करी. अक्का मुद्दाम खोड काढत. "पलंग तुमचा, गादी माझी. मंग निजा फळीवर!" साडू तेही लिहून घेत. एकदा कपबशांची वाटणी करताना एक जोडी जास्त भरली, तर दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून ती त्यांनी मला घरी न्यायला लावली. तपासणी माझ्याकडे असे. चाळणी सुटली, विळी सुटली, असं मी शोधून काढी आणि साडू खूश होऊन मला आणखी एक करंजी वाढत. बघता बघता कागद एकशे चौदा कलमांवर गेला. आम्ही फार हसायचो त्या दिवसांत.

घोटाळा झाला तो पेरूच्या बागेपायी. कागदात बाग साडूंच्या बाजूला होती, पण वीस वर्षं तिच्यात राबल्या होत्या अक्का. बागेला मर लागली, झाडं उभ्या उभ्या वाळू लागली, आणि अक्का दोन दिवस माहेरी पुणतांब्याला गेलेल्या असताना साडूंनी जेसीबी बोलावून सगळी झाडं उपटून टाकली. अक्का आल्या, मोकळ्या रानाकडे पाहत राहिल्या. "इचारायचं तरी," एवढंच म्हणाल्या. आणि साडूंनी त्यांच्या स्वभावाला धरून उत्तर दिलं, "बाग माझ्या वाटनीची हाय. कागदात बघ."

"मंग सगळंच कागदापरमानं होऊ द्या," अक्का म्हणाल्या.

आमच्याकडे नवरा-बायकोचं बिनसलं की चार वडीलधाऱ्यांची बैठक बसते. तीनदा चहा होतो. हंडा कुणाचा, सोन्याचे डाग कुणी घातले, यावर संध्याकाळपर्यंत घसे बसतात. त्या हंड्याच्या भांडणातून केव्हातरी मनातलं खरं दुखणं बाहेर पडतं, कुणीतरी रडतं, आणि पुष्कळदा हंडा जागच्या जागी राहतो. इथे बैठकीला कामच नव्हतं. टेम्पो आला. अक्का वस्तू उचलत होत्या, साडू कागद हातात धरून खुणा करत होते. म्हशी, शिलाई मशीन, त्यांच्या नावच्या ठेवीची पावती, गादी. दुपारच्या जेवणाच्या आत अठ्ठावीस वर्षांचा संसार दोन जागी झाला. टेम्पोची दोरी साडूंनी स्वतः आवळली. कुणी आवाज चढवला नाही. मी साक्षीदार म्हणून उभा होतो, आणि लाज वाटते सांगायला, एकही चूक निघाली नाही याचं मला मनातून समाधान वाटलं होतं.

चार महिन्यांनी साडू आमच्याकडे आले. दाढी वाढलेली. पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "बघा बरं, तिची एखादी वस्तू माझ्याकडं ऱ्हायलीय का?" मी चष्मा लावला आणि एकशे चौदा कलमं एकेक करून वाचली. "काही राहिलेलं नाही," मी म्हणालो.

"परत बघा की. एखादं भांडं... म्हंजी पुनतांब्याला नेऊन दिलं आसतं. बिनकामाचं कसं जावं?"

मी परत पाहिलं आणि परत तेच सांगितलं. साडूंनी कागदाची घडी घातली, चहा अर्धा ठेवला आणि गेले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "एक झारा राहिलाय म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं हो?"

पाडव्याला एखादी चाळणी मी सुटू दिली असती, तर आज तिच्या निमित्ताने एक माणूस एका दारापर्यंत जाऊ शकला असता. शेवटी गेल्या आठवड्यात धीर करून मी साडूंना फोन लावला. म्हटलं, कागद पुन्हा डोळ्यांखालून घातला, अक्कांची एक पळी तुमच्याकडे राहिलेली दिसते.

"पळी एकवीस नंबरला हाय, साडूभाऊ," ते म्हणाले. "माझ्यासमोरच टेम्पोत चढली."

मी फोन ठेवणार होतो. पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग ते हळूच म्हणाले, "पन बघत ऱ्हावा तुमी."