मंजूर तपकिरी

आमच्या समोरच्या घरातले मिस्त्री म्हणजे चाळीस वर्षं लाकडाशी बोललेला आणि माणसांशी जेमतेम बोलणारा गृहस्थ. दारं समोरासमोर आहेत आमची. मी दिवसभर दार उघडं टाकून शिवणाच्या मशीनवर बसते, त्यामुळे त्यांच्याकडे काय चाललंय ते मला आपसूक कळतं. कधीकधी कानही लावते. कुणाच्या बापाचं काय जातंय?

माझ्या मशीनचा पाय डुगडुगत होता, तो त्यांनी न विचारता येऊन नीट केला. आभार मानले तर म्हणाले, "लाकूड फुगलं होतं." संपलं भाषण.

त्यांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, नजर दोन वर्षांत जवळजवळ गेली. चार वाजता खाली बाकावर जाऊन बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आवाजावरून ओळखून टोमणा हाणायचा, हा त्यांचा एवढा एकच शौक. पण जिन्याचा लोखंडी कठडा हलायला लागला, एकदा त्यांचा पाय घसरला आणि बाक सुटला. मिस्त्री हात धरून न्यायला तयार होते. वहिनींना ते चालेना. "मी काय सामान आहे उचलून न्यायला?" घरात बसून बसून त्या अशा चिडक्या झाल्या की मिस्त्रींच्या डोक्यावर दिवसभर मिऱ्या वाटणं चालू.

मग आठ दिवस ठोकठोक झाली. मिस्त्रींनी जिन्याच्या भिंतीला खालपासून थेट गच्चीपर्यंत लाकडी कठडा बसवला. काय सुरेख काम! हात फिरवला तर कुठे कुसळ म्हणून लागू नये. आणि खालच्या अंगाला, बोटं जिथे येतात तिथे, खाचा. पहिल्या मजल्यावर एक, दुसऱ्यावर म्हणजे आमच्या मजल्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पायऱ्या मोजत चढायचं म्हटलं तर मध्येच कुणी हाक मारली की सगळं विसरायला होतं. दोन खाचा लागल्या की घर आलं, विषय मिटला. वहिनी पुन्हा चार वाजता एकट्या खाली जायला लागल्या, आणि सगळ्या इमारतीला पुन्हा टोमणे मिळायला लागले.

हे कुणाच्या पोटात दुखावं? आमच्या सेक्रेटरींच्या. ते वरच्या मजल्यावर राहतात. वजनमापं तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेत, पण खिशातली मोजपट्टी काही निवृत्त झालेली नाही. म्हणून सगळे त्यांना टेपमास्तर म्हणतात. त्यांनी माझ्या कुंड्यांचा घेर मोजलाय. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा मोजलीय, ओले कपडे असताना आणि नसताना, वेगवेगळी.

नोटीस आली: विनापरवानगी बांधकाम. शिवाय सोसायटीच्या लाकूडकामाला एकच रंग मंजूर आहे, तपकिरी, आणि हा कठडा लाकडाच्या रंगाचा आहे. लाकूड लाकडाच्या रंगाचं असतं हा गुन्हा!

सभा भरली. मिस्त्री उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत होते. म्हणाले, "काय रंगवायचं ते रंगवा. खाचा तेवढ्या सोडा."

टेपमास्तरांनी पेन उचललं. "म्हणजे खाचा आहेत?"

"आहेत."

त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलंही, 'काम सदोष असल्याची कबुली सभासदाने स्वतः दिली.'

मी ताडकन उठले. "अहो, दोष कसला? त्या वहिनींना मजला कळावा म्हणून मुद्दाम केल्यात!" मला सांगण्यात आलं की हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. ठराव झाला की कठडा राहील, मात्र खाचा रंगाऱ्याची लांबी भरून बुजवाव्यात आणि मंजूर तपकिरीचे दोन हात द्यावेत. वर टेपमास्तर म्हणाले, "बघा, आम्ही किती समजूतदार आहोत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मान खाली घालून स्वतःचे तळहात बघत बसले होते.

रंग वाळल्यावर वहिनी खाली गेल्या. येताना बोटांनी चाचपत चढल्या, खाच काही लागली नाही, आणि त्या पोचल्या वरच्या मजल्यावर. दार उघडं होतं. चपला काढल्या, आत जाऊन खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज त्या टेपमास्तराचा आवाज नाही आला. बसला असेल मेला कुठेतरी पाइप मोजत."

टेपमास्तर समोरच बसले होते, इतिवृत्त लिहीत.

"बोला की! का तुमचीपण वाचा गेली?"

हे मला टेपमास्तरांच्या बायकोनेच सांगितलं, डोळे पुसत पुसत. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांत. वहिनी मात्र घरी येऊन रडल्या. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, त्या बाहेर आल्याच नाहीत.

कमिटीलाही जरा लाज वाटली असावी. तातडीची सभा झाली. ठराव काय, तर कमिटीच्या सभासदांनी पाळीपाळीने वहिनींना हात धरून खाली न्यावं. पाळ्यांचा तक्ताही तयार, समासासकट. तो घेऊन टेपमास्तर स्वतः आले.

वहिनींनी दारातच सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हात होता हो माझ्या घरात. चांगला चाळीस वर्षांचा, ओळखीचा. तोही नको होता, म्हणून तर यांनी कठडा केला."

टेपमास्तरांनी तक्ता पुढे केला. मग हळूच म्हणाले, "मग यावर तुमची सही... नकार म्हणून?"

माझं डोकंच फिरलं. मशीन बंद केलं, शिवण उसवायची सुरी घेतली आणि जिन्यात जाऊन बसले. मिस्त्री पटाशी घेऊन आले. भरदिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, आम्ही दोघांनी खालपासून वरपर्यंत सगळ्या खाचा उकरून काढल्या. टेपमास्तरांच्या दारापुढच्या तीन मिस्त्रींनी जरा जास्तच खोल केल्या. वर शीळ घालत होते.

दुसरी नोटीस लगेच लागली, आमच्या मजल्यावर, बरोबर दोन खाचांच्या वर. ती अजून तिथेच आहे. वहिनी रोज चार वाजता तिच्यापुढून एकट्या खाली जातात. त्यांना ती वाचता येत नाही, आणि मिस्त्री वाचून दाखवत नाहीत.