सारजाबाईची पट्टी

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बोरी गावचा सुग्रीव आणि त्याची बायको सारजाबाई दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत असे एक कोयता असायचे, आणि उरलेले महिने माणसं. त्या महिन्यांत तो गिटारवाला होता आणि ती गाणारी. दोन्हीतून पोट भरत नव्हतं, हे सांगायला नकोच.

तरुणपणी सुग्रीव परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला आणि मालकाने जाता जाता गिटार त्याच्याच गळ्यात घातली. पुढे एका हंगामात कोयता निसटून डाव्या हाताच्या दोन बोटांवर बसला. बोटं राहिली, पण वाकेनात. तारा दाबता येईनात तेव्हा त्याने गिटार भिंतीला टांगली आणि तिच्याकडे बघायचंही सोडलं.

यंदा उसाच्या फडाजवळ, पाचटाने शाकारलेल्या कोपीत पडल्या पडल्या त्याला मोबाईलवर एक म्हातारा परदेशी माणूस दिसला. बोटात काचेची नळी घालून तो ती तारांवरून नुसती सरकवत होता, दाबत काहीच नव्हता. सूर हुंदक्यासारखा घसरत पुढे जायचा. याला ब्लूज म्हणतात आणि दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांनीच ते काढलं, एवढं सुग्रीवला कळलं. शब्द कळले नाहीत, माणूस मात्र ओळखीचा वाटला. गावी आल्या आल्या त्याने गॅरेजमधून पान्याचं एक जुनं, नळीसारखं सॉकेट मागून आणलं आणि न वाकणाऱ्या बोटात अडकवलं. एवढी वर्षं फुकट खाणारं ते बोट या कामाला बरोबर बसलं.

आता प्रश्न उरला तारांचा. नेहमीसारख्या लावलेल्या तारांवर सॉकेट सरकवलं की नुसता कालवा व्हायचा. सहाही तारा अशा लावाव्या लागतात की न दाबता छेडल्या तरी एकमेकींशी जुळाव्यात. त्याच्या दोन तऱ्हा त्याला सापडल्या. एकीत काही तारा ताणायच्या, म्हणजे गिटार पेटीच्या पांढरी तीन पट्टीत बोलते. दुसरीत काही सैल सोडायच्या, म्हणजे ती पांढरी दोनवर उतरते. जुळणी तीच, फक्त एक पायरी खाली.

सुग्रीवने तारा ताणल्या. यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. भजनी मंडळाच्या बन्सीधरने पूर्वी एकदा सारजाबाईच्या आवाजाला पेटी लावून पाहिली होती आणि 'वैनी पांढरी तीनला गातात' असं जाहीर केलं होतं. कुणाच्या नावावर रान असतं, सारजाबाईच्या नावावर ती पट्टी होती. आणि लेकीची, राजनंदिनीची, हळद तोंडावर आली होती. हळदीला सारजाबाईने ओव्या म्हणाव्यात आणि आपण साथ करावी, जन्मात एकदा तरी ऊस सोडून दोघांनी मिळून काहीतरी करावं, एवढीच त्याची हौस.

पण सारजाबाई काही हाती लागेना. पहिल्या दिवशी एक ओळ म्हणून ती खोकली. "आज ऱ्हाऊ द्या, घसा बसलाय." दुसऱ्या दिवशी तिला दळण निघालं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डीजेच सांगा की. पोरीला बी बरं वाटल."

हे त्याला लागलं. मोडक्या बोटाच्या माणसाला जिथं तिथं आपलं बोटच दिसतं. पाव्हण्यांत आपल्या या सॉकेटच्या वाजवण्याची हिला लाज वाटतेय, असं त्याने धरलं आणि तोंड फुगवून बसला. दोघांत मग मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं उरलं.

एका दुपारी सारजाबाई मागल्या दारी डाळ निवडत होती आणि स्वतःशीच गुणगुणत होती. सुग्रीवने आत बसून गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या सुराला सॉकेट लावायला गेला. जुळेना. सूर खाली होता म्हणून त्याने सॉकेट मागे नेलं, आणखी मागे नेलं. गिटारीची मान संपली, तरी सारजाबाई खालीच होती.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. पाचटाची धूळ, चुलीचा धूर, गाडी भरताना मारलेल्या हाका, सगळं त्या गळ्यातून गेलं होतं. आवाज उतरला होता, आणि हा शहाणा रोज संध्याकाळी तिला डोक्यावरचं शिंकं दाखवून उडी मार म्हणत होता. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. पण जाऊन बोलणार काय? तुझी बोटं गेली, असं तोंडावर कुणी म्हटलेलं त्याला तरी कुठं सोसलं होतं?

त्याने तारा सैल केल्या आणि बायकोला एक थाप मारली.

"गिटारीची मान वाकायलीय. लय ताणलं तर मोडल ती. म्हणून तारा उतरवल्यात."

सारजाबाईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरं," म्हणाली आणि त्या संध्याकाळी चार ओळी गायली.

हळदीच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. जात्याला हळकुंड बांधलं, राजनंदिनी पाटावर बसली. "वैनी, यिऊ द्या पांढरी तीन!" मांडवाच्या कडेने बन्सीधर ओरडला. सुग्रीवने खाली मान घालून सॉकेट सरकवलं. सारजाबाईची पहिली ओळ नीट गेली. दुसरी वर चढताना आवाज फाटला आणि ती थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ते गिटारीची मान..." सुग्रीव घाईघाईने म्हणाला.

"गिटारीला कशाला नावं ठेवता?" सारजाबाई म्हणाली. "गळा माझा उतरलाय. आणखी खाली घ्या तारा. दमले मी."

फडावर हा शब्द चालत नाही. एकाने दमलो म्हटलं की दुसऱ्याचे हात गळतात, आणि गाडी तर भरायचीच असते. म्हणून लग्न झाल्यापासून दोघांपैकी कुणीच तो काढला नव्हता. अंगात ताप असताना नाही, राजनंदिनी पोटात असताना नाही, कोयता बोटांवर बसला त्या दिवशीसुद्धा नाही.

सुग्रीव तारांच्या खुंट्यांकडे वळला. त्याने एकेक तार खाली आणली. शेवटी तारा इतक्या लोंबल्या की लाकडाला लागून खडखडायला लागल्या.

"मी बी," तो म्हणाला. "मी बी लय दमलोय, सारजे."

दोघी-तिघी बायकांना ती थट्टा वाटली, त्या हसल्या. राजनंदिनी हसली नाही. सारजाबाईने जात्याचा खुंटा धरला.

हळद दळते मी, जातं जड गं फिरतं
लेक निघाली सासरी, मन उंबऱ्यात उरतं

दुसरी ओळ वर चढली, तेव्हा या वेळी तिला ओढून न्यावी लागली नाही.