जिंकलेल्याचा उष्टा कप

मॅच संपली आणि त्यानं हात पुढं केला नाही. हातातली काठी उलटी केली आणि तिचं टोक माझ्यापुढं धरलं.

गोल्फमध्ये मॅच संपली की टोपी काढून हात मिळवायची रीत आहे. हरलेल्यानं आधी हात पुढं करायचा. हरलेला तो होता. आमच्या डेपोचा मोठा साहेब आणि क्लबचा सेक्रेटरी. मी त्याच्याच हाताखाली वजनकाट्यावरचा बाबू. व्हरांड्यातल्या खुर्च्यांवरून सगळे मेंबर बघून राहिले होते. साहेब म्हणाला, "लो, पकडो. मिल गया हाथ."

व्हरांड्यात हशा झाला.

आणि मी ते टोक धरलं. धरलं, हलवलं, वर "थँक्यू सर" म्हटलं. त्यानं टोक पुढं केलं याचा राग आहेच. पण मी धरलं काऊन? आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी मी सेमीफायनल जिंकलो होतो, आणि घरी मान खाली घालून गेलो.

मी दवनीवाड्याचा. जातीनं महार. माझा बा गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या बांध्या बटईनं करायचा. बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. मालगुजारी कागदावर उठली होती, पण घरची जमीन त्यांच्याकडेच राहिली होती आणि आमच्या तोंडी अजून तो मालगुजारच होता. कापणी झाली की अर्धं धान त्याच्या कोठीत, अर्धं आमच्या. तो वाड्यासमोर खाटेवर बसायचा, बा खाली मातीत बसायचा. मी मॅट्रिक झालो आणि गोंदियाला मँगनीज कंपनीच्या डेपोत लागलो. बालाघाटकडून छोट्या रेल्वेगाडीनं दगड यायचा, आमच्याकडं वजन होऊन मोठ्या गाडीत चढायचा. काळी धूळ इतकी, की रात्री जेवताना भातालाही तिचा वास.

कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी गावाबाहेर नऊ होलचं मैदान केलं होतं. आमच्याकडच्या उन्हात गवत कुठलं टिकायला! म्हणून खड्ड्याभोवती रेतीत जळकं तेल कालवून ती दाबून सपाट करायचे. त्याला ब्राऊन म्हणायचे. गोरे गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब बसले, राईस मिलवाले बसले, मालगुजारांची पोरं बसली. मग वरून हुकूम आला, आता स्वराज्य आहे, कंपनीचा कोणताही नोकर क्लबचा मेंबर होऊ शकतो. त्यांना वाटलं, कोणता बाबू मरायला येतो इथं? मी गेलो.

मला खेळ येत होता. एका गोऱ्या इंजिनियरचं सामान विकून चार काठ्या उरल्या होत्या, त्या मी मागितल्या, त्यानं दिल्या. धान कापलं की बांध्या रिकाम्या पडतात. जमीन भेगाळलेली, वर धसकटं, सगळीकडं म्हशींच्या खुरांचे खड्डे. तिथं मी रविवारभर चेंडू मारायचो. गावातल्या बाया म्हणायच्या, "पोट्ट्याले लागीर झाला का गा?" होऊ द्या. चेंडू काठीच्या बरोबर मधोमध बसला की जो आवाज होतो ना, त्या आवाजात मी कुणाचा बाबू नव्हतो, कुणाच्या बटईदाराचा पोरगा नव्हतो.

फायनलला समोर कोण? छोटे मालगुजार. आमच्याच मालगुजाराचा मुलगा. नागपूरला शिकलेला, पांढरी पँट, दोन रंगांचे बूट.

आणि मग क्लबवाल्यांना कपाची आठवण झाली. गोरे एक रीत ठेवून गेले होते. चँपियन झाला की चांदीचा कप भरायचा. जिंकणाऱ्यानं पहिला घोट घ्यायचा, मग तोच कप प्रत्येक मेंबरच्या हाती जायचा आणि प्रत्येकानं त्यातूनच एकेक घोट घ्यायचा. गोऱ्यांच्या वेळी त्यात काय असायचं ते सोडा, आपले लोक लिंबाचं सरबत भरायचे. मोठ्या अभिमानानं सांगायचे, "हमारे क्लब में सब एक हैं." मी नाव दिलं तेव्हा कुणाच्या डोक्यात हे आलंच नाही. महार फायनलला जाईल असं वाटलंच कुणाला? आता साऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी बा आला. दवनीवाड्याहून पायी. माझ्या खोलीत एक खुर्ची होती. मी म्हटलं, "बस ना बा." तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

"मालकानं बलावलं होतं," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"म्हने पोराले समजाव. खेळू दे म्हने, पन जितू नोको म्हना. नाही त बांध्या दुसऱ्याले देतो."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"त्या कपातून त्याईले प्याव लागन. ते पितीन का तुह्या उष्ट्यातलं? समजत काऊन नाही तुले?"

"मी काय चोरी करून राहिलो का बा? खेळूनच राहिलो ना?"

"खेळ त आहे. खेळच त आहे! त्याच्यापायी आमच्या तोंडचा घास कायले घालवतेस, बाबू?"

आणि माझ्या बापानं माझे पाय धरायला हात पुढं केले. मी पाय मागं ओढले. बाप पोराच्या पाया पडून राहिला होता! मला वाटलं, जमीन फाटावी. मी म्हटलं, "हरतो बा. उद्या हरतो. जा तू घरी." तो लगेच उठला. पाणीही प्यायला नाही, निघाला. दारातून जाताना त्याची पाठ मला एकदम हलकी झालेली दिसली.

दुसऱ्या दिवशी मी हरायला म्हणूनच उतरलो.

मुद्दाम हरणं सोपं वाटतं तुम्हाला? अजिबात नाही. हात बरोबर जातात, त्यांना चूक करायला लावावं लागतं. कुणाला कळू नये असं चुकावं लागतं. मी चेंडू थोडा आखूड मारायचो, थोडा डावीकडं काढायचो. गोल्फमध्ये कमी फटक्यांत ज्याचा चेंडू खड्ड्यात, त्याचा तो होल. असे होल मी एकेक करून सोडून दिले. दोन फेऱ्यांची फायनल होती. शेवटचे तीन होल उरले तेव्हा मी दोननं मागं होतो. आणखी एक सोडला की संपलं. बाच्या बांध्या वाचल्या, साहेबांचा धर्म वाचला.

छोटे मालगुजार माझ्याजवळ आले. सिगारेट पेटवली. हळूच म्हणाले, "समजदार आहेस तू. तुझा बाप पण असाच. बैठ म्हटलं की खाली बसतो."

शिवी दिली असती तर मी गिळली असती. शिव्या गिळायची सवय होती. पण त्यानं मला शाबासकी दिली. माझ्या हरण्याची शाबासकी! आणि बापाच्या खाली बसण्याची. अरे, तो हौसेनं बसतो का मातीत? माझ्या खोलीत, माझ्या स्वतःच्या खोलीत तो खुर्ची सोडून खाली बसला. हे लोक तिथंही होते. मला रडू फुटायला आलं. मी पाठ फिरवली आणि बाहीनं तोंड पुसलं.

आता हरायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं. मुद्दाम हरताना हात कसे स्थिर होते! आता जिंकायचं होतं, तर काठी घामानं निसटून राहिली होती. जिंकायला तिन्ही होल हवे होते. एकही चुकून चालणार नव्हतं.

त्या तिनांतल्या पहिल्या होलला मध्ये नाला होता. मी डोळे चेंडूवर ठेवले आणि मारला. पार नाल्यापलीकडं. छोटे मालगुजार माझ्याकडं बघतच राहिले. त्यांचा चेंडू नाल्यात गेला. तो होल माझा झाला. प्रत्येक चांगला फटका बाच्या डोक्यावर पडून राहिला होता. मला ते दिसत होतं. मी आनंदानं नाही खेळलो, कुणी असं समजू नका. जीव मुठीत धरून खेळलो.

दुसऱ्या होलला माझा चेंडू म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. वाळलेली माती, दगडासारखी. मागून कुणीतरी म्हणालं, "चलो, खतम." मी जड लोखंडी काठी घेतली आणि मातीसकट उचलला. ढेकूळ उडालं, धूळ डोळ्यांत गेली, पुढचं काही दिसेना. चोळून बघतो तर चेंडू ब्राऊनवर. तो मी एका फटक्यात आत घातला. त्यांचा खड्ड्याच्या काठावरून परतला. आता दोघे बरोबर.

शेवटच्या होलला व्हरांडा रिकामा झाला. सगळे येऊन कडेनं उभे राहिले. छोटे मालगुजारांनी ब्राऊनवरून मारला, चुकला. आता त्यांना आणखी एक लागणार होता. माझा चेंडू खड्ड्यापासून दोन काठ्यांवर. हा गेला की कप माझा.

ब्राऊनवर मारायच्या आधी रेतीतली पावलं मोडून वाट सपाट करावी लागते. त्यासाठी लाकडी ओढणं असतं आणि ते आमच्याकडं माळी ओढायचा. सुकराम, सालेकशाकडचा गोंड. तो ओढणं घेऊन पुढं आला तसा सेक्रेटरी ओरडला, "सुकराम! इधर आ. पानी ला." सुकराम ओढणं टाकून गेला. माझ्या वाटेत दोन रंगांच्या बुटांचे ठसे.

मी काठी खाली ठेवली आणि ओढणं स्वतः उचललं.

"अब सही काम मिला," छोटे मालगुजार म्हणाले. दोघे-तिघे हसले.

मी ओढलं. एकदा गेलो, एकदा आलो. हसणं संपेपर्यंत ओढलं. मग काठी घेतली. बा आठवला, पाय धरायला वाकलेला. मी मनात म्हटलं, माफ नको करू बा. आणि मारला.

चेंडू आत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. टाळी एकानंही वाजवली नाही.

व्हरांड्यात टेबल होतं, पांढरं कापड, चांदीचा कप, बाजूला सरबताचा जग. सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाला, "देर हो गई है. इस साल वो रस्म रहने दो. कप कल ऑफिस से ले जाना."

"जग भरून ठेवलाय, सर," मी म्हटलं.

"मैंने कहा ना, कल."

"कल नहीं. अभी. यहीं."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी जग उचलला, कप भरला, पहिला घोट घेतला. सरबत गोड होतं की आंबट, देवाशपथ सांगता येणार नाही. मग तो कप मी दोन्ही हातांनी सेक्रेटरीपुढं धरला. त्यानं हात खिशात घातले. छोटे मालगुजारांपुढं धरला. ते थुंकले आणि मोटारीकडं गेले. मी एकेकापुढं गेलो, एकालाही सोडलं नाही. कुणी चप्पल शोधू लागलं, कुणी टोपी. मोटारी चालू झाल्या. शेवटी सुकराम उरला. मी त्याच्यापुढंही धरला. त्यानं जाणाऱ्या मोटारींकडं पाहिलं, मान हलवली आणि तोही मागं सरला. त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही पोरं होती.

मी कप तिथंच टेबलावर ठेवला. भरलेला. उद्या ऑफिसातून नेण्यासाठी मी जिंकलो नव्हतो.

पावसाळ्याच्या तोंडावर मालगुजारानं बांध्या दुसऱ्याला दिल्या. बानं आयुष्यभर ज्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, माती चढवली, त्या धुऱ्यांवर दुसऱ्याचे बैल उभे राहिले. बा सडकेच्या कामावर दगड फोडायला जायला लागला. मी पगारातून पैसे पाठवले, त्यानं परत पाठवले. मी घरी गेलो तर तो म्हणाला, "तू जितला. आमचं काय झालं ते पाह्य." त्याच्या हाताला फोड आले होते. आई मध्ये पडली, "जाऊ द्या ना जी," म्हणाली, तर तिच्यावरही तो खेकसला. क्लबानं नवीन नियम केला, फक्त अधिकारीच मेंबर.

लोक विचारतात, काय मिळालं रे तुला? काही नाही मिळालं. घरची चूल विझता विझता राहिली. बाप बोलेनासा झाला. जिंकण्यात गोडी असते म्हणतात, मला तर ती कधी लागलीच नाही.

पण घरी गेलो त्या दिवशी बाला मी तोंडावर सांगितलं. तो चुलीपुढं बसला होता, वर पाहत नव्हता. मी म्हटलं, "बा, बांध्या माझ्यामुळं गेल्या. ते पाप माझ्या डोक्यावर. दगड तू फोडून राहिला, तेही माझ्यामुळं. पण त्यांच्या पोटात दुखते म्हणून मी परत हरणार नाही. नोकरी गेली तरी नाही. तू माझ्या पाया पडलास तरी नाही."